माशी आणि मासा यांच्यामधले नऊ फूट

गळाने मासे धरण्याच्या ज्या पद्धती जगभर रूढ आहेत, त्यांत फ्लाय-फिशिंग एका बाबतीत सर्वांहून वेगळी ठरते. कोकणात खाडीच्या काठी गरवायला बसलेला माणूस तंगुसाच्या टोकाला गरी बांधतो, तिला कोलंबीचा तुकडा लावतो आणि शिशाच्या वजनाच्या जोरावर ती पाण्यात दूर भिरकावतो; येथे वजन टोकाला असते आणि दोरा त्याच्यामागून ओढला जातो. फ्लाय-फिशिंगमध्ये टोकाला असते ती पिसे, केस आणि रेशमी धागा गळावर गुंडाळून तयार केलेली नकली माशी, आणि तिला वजन म्हणण्यासारखे काही नसते. म्हणून या पद्धतीत वजन दोरीलाच दिलेले असते. फ्लाय-लाइन या नावाने ओळखली जाणारी ही जाड, लेपन केलेली दोरी काठीच्या झोक्याने हवेत वळसा घेत उलगडते आणि माशी तिच्यामागून निमूटपणे जाते. परंतु एवढी जाड दोरी थेट माशीला बांधली, तर ती पाण्यावर आपटेल, माशाच्या नजरेस पडेल आणि गळाच्या बारीक नेढ्यातून ओवलीही जाणार नाही. ही अडचण दूर करण्यासाठी फ्लाय-लाइन आणि माशी यांच्यामध्ये एक पारदर्शक, निमुळता होत जाणारा दोरा जोडतात. त्याला लीडर म्हणतात, आणि त्याची सर्वसाधारण लांबी ९ फूट, म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर असते.

या नऊ फुटांची निवड कशी करावी, हा प्रश्न मूळचा युरोप-अमेरिकेतल्या थंड पाण्याच्या नद्यांचा असला, तरी तो दुबईतल्या अल मनखूलसारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी कुटुंबालाही पडू शकतो. अल करामा, अल रफा आणि अल जाफिलिया या वस्त्यांच्या सोबतीने बर दुबई भागात वसलेल्या अल मनखूलपासून खोर दुबई, म्हणजे दुबईची प्रसिद्ध खाडी, फार दूर नाही. नदी मात्र येथे नाहीच. संयुक्त अरब अमिरातीत बारमाही वाहणारी एकही नदी नाही. पाऊस झाला की वाहणारे आणि एरवी कोरडे पडणारे वादी हेच तेथील गोड्या पाण्याचे प्रवाह. फुजैरामधील वादी वुरय्याह हे २००९ मध्ये संरक्षित जाहीर झालेले आणि २०१० मध्ये रामसर यादीत आलेले क्षेत्र त्याला अपवाद वाटावे असे आहे, कारण तेथे वर्षभर पाणी असते आणि त्यात गारा कुळातले बोटाएवढे मासेही राहतात. परंतु तो ठेवा पाहण्याचा आहे, गळ टाकण्याचा नव्हे. त्यामुळे अल मनखूलच्या हौशी माणसापुढे दोनच ठिकाणे उरतात: घराजवळची भरती-ओहोटीची खाडी, आणि सुट्टीत गावी आल्यावर भेटणारी दख्खनची नदी. नदीसाठी सांगितलेले लीडरचे नियम या दोन्ही ठिकाणी कितपत लागू पडतात हे तपासू लागले, की ते नियम मुळात कशासाठी आहेत हे अधिक स्वच्छ कळते.

निमुळतेपणाचे गणित

लीडर निमुळता का असावा लागतो, याचे उत्तर गतीच्या हस्तांतरणात आहे. काठीच्या झोक्याने फ्लाय-लाइनला मिळालेली ऊर्जा तिच्या उलगडणाऱ्या वळशातून पुढे सरकते, आणि लाइन संपते तेथे ती लीडरच्या हाती सोपवली जाते. सोपवणारा भाग जाड आणि घेणारा एकदम बारीक असेल, तर त्या सांध्यात बिजागरीसारखी मोडती जागा तयार होते, वळसा तेथेच कोसळतो आणि लीडर पाण्यावर गुंतवळ्यासारखा पडतो. जाडी हळूहळू कमी होत गेली, तर प्रत्येक भाग आपल्याहून किंचित हलक्या भागाला उलगडत नेतो, हवेचा रोध उरलेला जोर जिरवत जातो आणि शेवटी माशी पाण्यावर अलगद टेकते.

हे किती सूक्ष्म प्रमाणात घडते ते आकड्यांवरून ध्यानात येते. लीडरचा फ्लाय-लाइनला जोडलेला जाड भाग, ज्याला बट म्हणतात, बहुधा इंचाच्या २१ सहस्रांशांच्या आसपास, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक जाड असतो; माशीला बांधलेला शेवटचा बारीक भाग, ज्याला टिपेट म्हणतात, तो ७ सहस्रांशांचा असू शकतो. जाडी येथे एक तृतीयांश झाली. परंतु दोऱ्याचे वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे तेवढ्याच लांबीचे टिपेट बटच्या एक नवमांश वजनाचे भरते. तीन पावलांच्या अंतरात वजन नऊ पटींनी उतरवायचे असेल, तर मधल्या उतारावर लक्ष द्यावेच लागते. फ्रेंच मच्छीमार-लेखक चार्ल्स रिट्झ यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रमाण यासाठीच वापरतात: लांबीच्या साठ टक्के बट, वीस टक्के मधला उतार आणि वीस टक्के टिपेट. नऊ फुटांच्या लीडरमध्ये हे माप अनुक्रमे सुमारे १६५, ५५ आणि ५५ सेंटिमीटर येते.

बटची निवड फ्लाय-लाइनच्या टोकाकडे पाहून करावी लागते, कारण ते त्या टोकाच्या जाडीच्या निदान साठ-सत्तर टक्के असले तरच हस्तांतरण सुरळीत होते. याची साधी चाचणी बोटांत होते: फ्लाय-लाइन आणि बट यांचा सांधा दोन हातांच्या चिमटीत धरून वाकवला असता दोहोंची मिळून एकच सलग कमान व्हावी. सांध्यापाशी कोन पडला, तर दुकानदाराने त्या लीडरची कितीही तारीफ केली असली, तरी तो त्या लाइनसाठी नाही.

एक्स नावाची उलटी मोजणी

लीडरच्या पाकिटावर ३ एक्स, ४ एक्स, ५ एक्स असे आकडे असतात आणि नवशिक्याचा पहिला गोंधळ तेथे होतो, कारण आकडा वाढतो तसा दोरा बारीक होत जातो. या उलट्या मोजणीमागे या वस्तूचा इतिहास आहे. आयझॅक वॉल्टनच्या १६५३ मधील प्रसिद्ध ग्रंथाच्या काळी गळाचे दोरे घोड्याच्या शेपटीच्या केसांचे असत. पुढे रेशीमकिड्याच्या शरीरातल्या रेशमाच्या ग्रंथी ओढून त्यांचा पारदर्शक, चिवट तंतू करण्याची रीत आली आणि स्पेनमधील मुर्सिया हा प्रांत त्या धंद्याचे केंद्र झाला. हे तंतू वीतभराहून फार मोठे नसत, त्यामुळे लीडर म्हणजे अनेक तुकडे जाडीच्या क्रमाने गाठी मारून जोडलेली साखळीच असे. शिवाय कोरडा तंतू ठिसूळ असल्यामुळे वापरण्याआधी तो भिजवत ठेवावा लागे. अधिक बारीक तंतू हवा असेल, तर तो धातूच्या पट्टीतील छिद्रातून ओढून काढत, आणि जितक्या वेळा ओढला तितके एक्स लावत. हीच खूण पुढे प्रमाणित झाली: शून्य एक्स म्हणजे इंचाचे ११ सहस्रांश, आणि पुढच्या प्रत्येक एक्सला एक सहस्रांश वजा. म्हणून ११ मधून एक्सचा आकडा वजा केला, की जाडी मिळते. ४ एक्स म्हणजे ७ सहस्रांश, मिलिमीटरमध्ये सुमारे ०.१८, आणि ५ एक्स म्हणजे ६ सहस्रांश, सुमारे ०.१५.

१९३८ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने नायलॉन जाहीर केले आणि रेशमी तंतूचे युग मावळू लागले. नायलॉनचा दोरा हव्या त्या लांबीचा काढता येतो, भिजवावा लागत नाही आणि कारखान्यातच निमुळता ओढता येतो; त्यामुळे गाठी नसलेला सलग लीडर शक्य झाला. त्यानंतर १९७१ मध्ये जपानच्या कुरेहा कंपनीने फ्लोरोकार्बनचा दोरा बाजारात आणला. आज निवड मुख्यतः या दोन द्रव्यांमध्ये करावी लागते, आणि ती करताना दोघांच्या स्वभावातला फरक माहीत असलेला बरा.

नायलॉनची घनता पाण्याहून थोडीच जास्त असते, त्यामुळे ते पाण्याच्या पृष्ठताणावर बराच वेळ तरंगू शकते. ते मऊ असते, ताणले जाते आणि गाठ चांगली धरते. मात्र ते पाणी शोषते आणि भिजल्यावर आपल्या ताकदीचा दहावा हिस्सा किंवा त्याहून अधिक गमावते, तसेच उन्हातल्या अतिनील किरणांनी हळूहळू कमजोर होते. फ्लोरोकार्बनची घनता सुमारे १.७८, म्हणजे पाण्याच्या पावणेदोन पट असते. ते बुडते, पाणी शोषत नाही, उन्हाला दाद देत नाही आणि दगडावर घासले तरी नायलॉनपेक्षा अधिक टिकते. प्रकाश वाकवण्याच्या गुणातही फरक आहे: पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लोरोकार्बनचा सुमारे १.४२ आणि नायलॉनचा १.५३ च्या आसपास. त्यामुळे फ्लोरोकार्बन पाण्यात थोडे कमी उठून दिसते. पण त्याला अदृश्य म्हणणे ही जाहिरातीची भाषा झाली. यावरून सरळ नियम निघतो: माशी पाण्यावर तरंगत ठेवायची असेल तर नायलॉन, पाण्याखाली न्यायची असेल तर फ्लोरोकार्बनचे टिपेट.

तीन प्रश्न, त्यांच्या क्रमाने

लीडर निवडताना बहुतेक नवशिके माशाच्या वजनापासून सुरुवात करतात: दोन किलोचा मासा अपेक्षित आहे, तेव्हा दोन किलोहून अधिक ताण सोसणारा दोरा घ्यावा, असा हिशेब ते मांडतात. साध्या गळाच्या बाबतीत हा हिशेब बऱ्याच अंशी चालतो, फ्लायच्या बाबतीत चालत नाही. येथे पहिला प्रश्न माशीचा, दुसरा पाण्याचा आणि तिसरा माशाचा असतो. हा क्रम उलटला, की निवड चुकते.

माशीचा प्रश्न पहिला येतो, कारण टिपेटला ती उलटवता आली पाहिजे आणि पाण्यात मोकळी सोडताही आली पाहिजे. मोठ्या, पिसारेदार माशीला बारीक टिपेट बांधले, तर माशी हवेत भिरभिरते आणि टिपेटला पीळ पडतो. चिमुकल्या माशीला जाड टिपेट बांधले, तर ती काडीला खिळल्यासारखी ताठ वाहते. गळांचे क्रमांकही उलटेच चालतात, म्हणजे क्रमांक मोठा तसा गळ लहान. त्या क्रमांकाला तीनाने भागले, की टिपेटचा एक्स साधारणतः मिळतो. बारा क्रमांकाच्या गळासाठी ४ एक्स आणि सोळासाठी ५ एक्स, हे त्यावरून ठरते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. वाहत्या नदीत पृष्ठभागाचे निरनिराळे पट्टे निरनिराळ्या वेगाने जातात, आणि लाइन एका पट्ट्यात व माशी दुसऱ्यात असली, की माशी अनैसर्गिकपणे खेचली जाते. या ओढीने मासा जितका सावध होतो, तितका दोरा दिसल्यानेही होत नाही. टिपेट लांब आणि मऊ ठेवण्याचे मुख्य कारण हेच, कारण त्याच्या ढिल्या वळणांमध्ये ती ओढ काही क्षण मुरते. संथ आणि नितळ पाण्यात १२ फुटांपर्यंत लांब लीडर, झाडोऱ्याने वेढलेल्या अरुंद ओढ्यात साडेसात फुटांचा, जोराच्या वाऱ्यात त्याहूनही आखूड, असा फरक त्यामुळे करावा लागतो. फ्लाय-लाइन बुडणारी असेल, तर लीडर तीन-चार फुटांचाच पुरतो, कारण लांब लीडर माशीला वर धरून ठेवतो आणि लाइन खाली गेल्याचा उपयोग उरत नाही. वजनदार मण्याची माशी तळाशी सोडायची असेल, तर निमुळतेपणाचीही गरज कमी होते; तेथे वजन पुन्हा टोकाला आलेले असते आणि फ्लायची पद्धत गरवण्याच्या जुन्या पद्धतीजवळ सरकते.

माशाचा विचार सर्वांत शेवटी करायचा, आणि त्यातही वजनाहून त्याचे तोंड व त्याची सवय अधिक पाहायची. काठीचा लवचीकपणा आणि रिळाचा सैल ताण बराच धक्का सोसतात, त्यामुळे टिपेटच्या ताकदीहून कितीतरी जड मासा काठावर येऊ शकतो. परंतु दात, दगड आणि शेवाळ यांच्यापुढे काठीची लवचीकता काही कामाची नाही.

दख्खनची नदी

महाराष्ट्रातील नद्यांमध्ये हे तिन्ही प्रश्न चांगले तपासता येतात. फ्लायला येणाऱ्या माशांत सर्वांत नावाजलेला महाशीर. दख्खनी महाशीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून. त्या नदीची आजची स्थिती सांगण्याची गरज नाही. मात्र लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीराची पैदास करून बोटुकली निरनिराळ्या जलाशयांत सोडली गेली. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीसारख्या देवाच्या डोहांत हे मासे लोकांच्या श्रद्धेने राखले गेले आहेत आणि तेथे गळ टाकणे कोणाला रुचणारही नाही.

महाशीराच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात; त्यामुळे तारेची गरज पडत नाही. पण गळ लागताच तो प्रवाहाबरोबर खडकांतून जी धाव घेतो, तिच्यात टिपेट दगडाच्या धारेवर घासले जाते. म्हणून महाशीरासाठी ०.३५ मिलिमीटरच्या आसपासचे जाड फ्लोरोकार्बन टिपेट घेतात ते त्याच्या वजनासाठी जितके, तितकेच खडकासाठी. त्याच नदीच्या शेवाळलेल्या डबक्यात मरळ असतो. त्याच्यासाठी बेडकाच्या आकाराची तरंगती माशी वापरतात, ती नाजूकपणे टेकवायची नसते, आणि गळ लागलेला मरळ क्षणात शेवाळात शिरतो. तेथे सहा फुटांचा आखूड, जाड, जवळजवळ एकसारख्या जाडीचा लीडर योग्य ठरतो. काठालगतच्या उथळ पाण्यात फिरणाऱ्या चिलापीसाठी मात्र लहान माशी, नऊ फुटांचा लीडर आणि ४ एक्सचे टिपेट, हा पुस्तकी नमुना जसाच्या तसा चालतो. एकाच दिवशी, एकाच नदीवर तीन लीडर लागू शकतात ते यामुळे.

दोन्हीकडे वाहणारी नदी

अल मनखूलजवळच्या खोर दुबईकडे या नजरेने पाहिले, तर ती भरती-ओहोटीने दिशा बदलत वाहणारी खारी नदीच म्हणता येईल. प्रवाहाची ओढ येथेही असते. परंतु तिचा वेग आणि दिशा तासांच्या हिशेबात बदलतात, त्यामुळे लीडरची लांबी भरतीच्या वेळेवरून ठरवावी लागते. काठाला दगड, धक्क्यांच्या भिंती आणि त्यांवर चिकटलेल्या कालवांचे धारदार कवच असते, म्हणून ०.२५ ते ०.३३ मिलिमीटरचे फ्लोरोकार्बन टिपेट येथे शहाणपणाचे ठरते. दुपारी वायव्येकडून येणारा शमाल वारा बारा फुटांचा लीडर उलगडू देत नाही. त्याच्यापुढे आखूड लीडर आणि ताठ बट हाच उपाय. बोय मासा शेवाळ आणि गाळातले सूक्ष्म अन्न खातो, त्याला बारीक माशी आणि मऊ टिपेट लागते. किनाऱ्यावरून सुरमई मिळण्याची शक्यता असेल, तर तिच्या कात्रीसारख्या दातांपुढे कोणताही पारदर्शक दोरा टिकत नाही आणि माशीपुढे तारेचा छोटा तुकडा जोडावा लागतो. आंतरराष्ट्रीय विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या इगफा या १९३९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या नियमांनुसार अशा संरक्षक तुकड्याची लांबी १२ इंचांहून अधिक असता कामा नये आणि त्यामागचे टिपेट निदान १५ इंच असावे लागते.

आखाती हवेचा परिणाम दोऱ्यावरही होतो. थंड प्रदेशासाठी बनवलेले मऊ नायलॉन चाळीस अंशांच्या उन्हात लेचेपेचे होते, आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत उन्हाळाभर राहिलेले रीळ वरून नवे दिसले तरी आतून कमजोर झालेले असू शकते. येथे उष्ण प्रदेशासाठी बनवलेला ताठ लीडर घ्यावा, रीळ घरात सावलीत ठेवावे आणि खाऱ्या पाण्यानंतर लीडर गोड्या पाण्याने धुवावा. गळ टाकण्यासाठी लागणारा परवाना आणि मनाई असलेली ठिकाणे आधी पाहणे हेही या तयारीचाच भाग आहे. खाडीच्या टोकाचे रास अल खोर हे रोहित पक्ष्यांचे आश्रयस्थान २००७ पासून रामसर यादीत आहे आणि तेथे गळाला जागा नाही. टिपेटचे कापलेले तुकडे काठावर टाकू नयेत, हे नायलॉन मांजाने जखमी झालेले पक्षी पाहिलेल्या मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागणार नाही.

गरम पाण्याचा आणखी एक धडा आहे. बारीक टिपेट हे कौशल्याचे लक्षण मानण्याची प्रथा थंड नद्यांतून आली. परंतु पाणी तापले, की त्यातला प्राणवायू घटतो, आणि बारीक दोऱ्यावर बराच वेळ झुंजवलेला मासा सोडून दिला तरी वाचेलच असे नाही. माशीची हालचाल बिघडणार नाही इतके जाड, हा नियम अशा पाण्यात अधिक न्याय्य ठरतो.

गाठ आणि तुटलेले टोक

उत्तम लीडर वाईट गाठीने वाया जातो. दोन तुकड्यांच्या जाडीत दोन सहस्रांशांहून अधिक फरक नसेल तर ब्लड नॉट ही गाठ चालते. फरक अधिक असेल, तर दोन्ही दोरे शेजारी धरून त्यांचा एकत्र फास करून टोके त्यातून दोन-तीनदा काढण्याची सर्जन गाठ अधिक भरवशाची. कोणतीही गाठ आवळण्याआधी ओठांनी ओली करावी, कारण कोरड्या घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन गाठीतच भाजून निघते आणि तेथेच तुटते. नव्या लीडरला रिळाच्या गुंडाळीची सवय लागलेली असते. तो दोन हातांत ताणून धरून हळूहळू सरळ केला, तर माशी नीट पडते.

एवढी काळजी घेऊनही दोरा कधीतरी तुटतोच, आणि तेव्हा माशी कुठे शिंकली हे हातात उरलेल्या टोकावरून वाचता येते. टोक डुकराच्या शेपटीसारखे वेटोळे झालेले असेल, तर गाठ सुटली, आणि दोष बांधणाऱ्याचा. टोकाजवळचा भाग बोटाला खरखरीत लागत असेल, तर दगड किंवा कालवाने काम केले, आणि जाडी चुकली. तिरका, स्वच्छ काप असेल, तर दातांचा प्रश्न विसरला गेला. टोक सपाट तुटलेले असेल आणि दोरा गुळगुळीत असेल, तर ताणच अधिक झाला. चारांपैकी हे एकच उत्तर माशाच्या वजनाकडे बोट दाखवते.